टूडी गेम थ्रीडीत नेताना उडी का चुकते?

प्रश्न थोडक्यात असा: दोघांच्या टीमने फोनसाठी केलेला टूडी प्लॅटफॉर्म गेम (उड्या मारत दऱ्या पार करायचा, बाजूने दिसणारा) बरा चालला. आता तोच थ्रीडीत आणायचा आहे. मॉडेल तयार आहेत, लेव्हलची मोजमापं जशीच्या तशी उचलली आहेत, उडीची उंची आणि वेगही तोच ठेवला आहे. तरी खेळणारे अगदी सोप्या दरीतही पडतात आणि ‘कंट्रोल बरोबर नाहीत’ म्हणतात. कॅमेरा कुठे ठेवावा, मोजमापं किती बदलावी आणि डबल जंप, म्हणजे हवेतच मारायची दुसरी उडी, ठेवावी की काढावी?

तुमचे कंट्रोल बहुतेक ठीकच असतील. आधी तिथे हात घालू नका. मीही तेच केलं होतं आणि त्यात चार महिने गेले.

पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत असताना आम्ही कोकणातल्या कौलारू छपरांवरून उड्या मारत जाणाऱ्या पोराचा टूडी गेम केला होता. तो लोकांना आवडला, म्हणून थ्रीडी करायला घेतला. छपरांची रुंदी, मधली अंतरं, गुरुत्वाकर्षणाचा आकडा, सगळं जुन्या फाइलमधून उचललं. चाचणीला बसवलेला प्रत्येक जण पहिल्या तीन छपरांत पडायचा. आम्ही उडीचे आकडे बदलत राहिलो, पडणं काही थांबेना.

मग एका रविवारी माझी नऊ वर्षांची भाची खेळायला बसली. टूडी गेम तिला तोंडपाठ होता. पहिल्या छपराच्या कडेला येऊन ती थांबली. कंट्रोलरच्या उजव्या स्टिकने (अंगठ्याने ढकलायच्या दांडीने) कॅमेरा फिरवत फिरवत तिने पोराच्या बरोब्बर बाजूला आणला, मग उडी मारली, मग कॅमेरा परत पाठीमागे नेला. दुसऱ्या छपराला तेच, तिसऱ्याला तेच. मी म्हटलं, “अगं, प्रत्येक वेळी एवढं कशाला फिरवतेस?” ती म्हणाली, “मामा, इथून दिसतं ना किती लांब आहे ते.”

आम्ही खपून उभारलेल्या थ्रीडी जगाचं ती दर उडीला पुन्हा टूडी करून घेत होती. तुमच्या गेममधून जे हरवलंय ते हेच. उडी मारण्याआधी पाय कुठे पडणार हे खेळणाऱ्याला माहीत असणं हा प्लॅटफॉर्म गेमचा पाया आहे. चित्र, लेव्हल, शत्रू यांचं रूपांतर दुय्यम. ती खात्री दुसऱ्या मार्गाने परत मिळवून द्यायची, एवढंच खरं काम आहे.

१९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधली कुठलीही दरी आठवून बघा. बाजूने दिसणारं जग, दरीची रुंदी पडद्यावर खऱ्या मापात काढलेली, मारिओ आणि ठोकळे एकाच पट्टीने मोजलेले. खेळणाऱ्यापुढे प्रश्न एकच: बटण कधी दाबायचं आणि किती वेळ धरायचं. नव्वदच्या दशकात ज्यांनी घरच्या टीव्हीला कॅसेटचा व्हिडिओ गेम जोडून मारिओ खेळला, त्यांच्या अंगठ्याला पहिल्या लेव्हलच्या शेवटचा जिना आणि झेंड्याचा खांब अजून आठवत असेल. अंगठ्याला अंतर पाठ होतं, कारण डोळ्याला ते नेमकं दिसत होतं.

थ्रीडीत कॅमेरा पाठीमागे गेला की एका प्रश्नाचे तीन होतात. कधी, कुठल्या दिशेने, आणि समोरचं छप्पर नक्की किती लांब? दिशेचा हिशोब करून बघा. सहा मीटरच्या उडीत स्टिक दहा अंशांनी चुकली तर पोरगं एक मीटरहून जास्त बाजूला उतरतं. टूडीत ही चूक करताच येत नव्हती. अंतराचं तर त्याहून अवघड. कॅमेरा जमिनीशी पंधरा अंशांचा कोन करून पाठीमागून बघत असेल, तर समोर पसरलेलं एक मीटर पडद्यावर पाव मीटरएवढं आकसून दिसतं. चाळीस अंशांवर तेच सुमारे पासष्ट सेंटिमीटर दिसतं. आमचा कॅमेरा वीस अंशांवर होता, कारण तिथून कौलं आणि मागचा समुद्र सुंदर दिसायचा. त्या देखाव्यापायी अंतराचा अंदाज आम्हीच पुसून टाकला होता.

आता हे आधी ज्यांनी सोडवलं त्यांच्याकडे बघू, कारण १९९६ या एकाच वर्षात या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं बाजारात आली आणि त्यांतून शिकण्यासारखं अजून पुष्कळ आहे.

त्या वर्षी जूनमध्ये जपानमध्ये निन्टेन्डो ६४ या गेमयंत्राबरोबर ‘सुपर मारिओ ६४’ आला. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या टीमने सुरुवात लेव्हलपासून केली नाही. साध्या ठोकळ्यांची एक खोली, तिच्यात मारिओ आणि पकडायला एक ससा, एवढ्यावर त्यांनी बराच काळ काम केलं. नुसतं धावणं, वळणं, घसरणं यात मजा येईपर्यंत बाकीचं थांबलं होतं. तो ससा तयार गेममध्येही राहिला, किल्ल्याच्या तळघरात सापडतो. गेम सुरू झाल्यावर किल्ल्याबाहेरच्या अंगणात एकही शत्रू नाही, हेही त्याच विचारातून आलंय. झाडावर चढा, उतारावरून घसरा, पाण्यात सूर मारा, कोणी तुम्हाला मारणार नाही.

पण खरा धाडसी निर्णय पुढचा होता. त्यांनी जुन्या लेव्हलचा आकारच सोडून दिला. डावीकडून उजवीकडे धावत झेंड्यापर्यंत जाणं ही मारिओची ओळख, तीच बाजूला ठेवली. पहिल्या लेव्हलमध्ये एक डोंगर आहे आणि त्याला वळसे घालत वर जायची वाट. पडलात तर मरत नाही, खालच्या वळणावर येता. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन वेगवेगळे तारे मिळवायचे. पंधरा मुख्य लेव्हल आणि एकूण १२० तारे असा तो हिशोब आहे. जागा ओळखीची झाली की अंतरंही ओळखीची होतात. सरळ रेषेत फक्त पुढे जाताना प्रत्येक दरी नवी असते, इथे तीच दरी पाचव्यांदा भेटते. मला हा त्या गेममधला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. मारिओचा मुख्य शत्रू बाउझर याच्या लेव्हल मात्र अधांतरी लटकणाऱ्या सरळ वाटा आहेत, पण तिथे पोचेपर्यंत खेळणाऱ्याचा हात बसलेला असतो.

मारिओच्या पायाखालची गोल सावली आठवते का? ती सूर्याच्या दिशेने पडत नाही. मारिओ कुठेही असो, ती सरळ खाली, पाय जिथे पडणार तिथेच असते. ही सावली प्रकाशाची नाही, माहितीची आहे. आमच्या थ्रीडी छपरांवर खरी सावली होती, संध्याकाळच्या उन्हाची, लांब आणि तिरपी. चित्रकाराने जीव ओतला होता आणि ती खेळणाऱ्याला दर उडीला चुकीची जागा दाखवत होती. पोरगं छपरावर असताना सावली शेजारच्या अंगणात पडायची.

हे आजच करता येईल. पात्राच्या मध्यातून सरळ खाली एक किरण सोडा, तो जिथे आदळेल तिथे एक गडद गोल चिकटवा. पृष्ठभाग उतरता असेल तर गोलही त्या उताराला टेकलेला हवा. उंची वाढली तर गोल थोडा लहान करा, पण फिकट करू नका. ऐन उंचीवर असतानाच त्याची गरज सगळ्यात जास्त असते. खाली दरी असेल तर गोल दिसता कामा नये, कारण गोल नाहीसा होणं हीच ‘इथे जमीन नाही’ अशी सूचना असते. दृश्यातल्या उन्हाची तिरपी सावली घरांना, झाडांना खुशाल ठेवा, पात्राला नको. २०२० च्या चौथ्या ‘क्रॅश बँडिकूट’मध्येही पात्राखाली चमकदार कडं दाखवायची सोय आहे. ग्राफिक्स एवढे पुढे गेले तरी ही गरज संपलेली नाही.

मुळात १९९६ चा ‘क्रॅश बँडिकूट’ हे दुसरं उत्तर होतं आणि तुमच्यासारख्या छोट्या टीमने त्याकडे नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. नॉटी डॉग या कंपनीच्या अँडी गॅव्हिन आणि जेसन रुबिन यांनी रेषा सोडली नाही, ती फक्त वळवली. डावीकडून उजवीकडे जाणारी वाट पडद्याच्या आत जाऊ लागली. बोळ अरुंद, कॅमेरा बनवणाऱ्यांच्या ताब्यात. कधी तो पाठीमागे असतो, कधी बाजूला, तर कधी समोर, म्हणजे मागून गडगडत येणारा धोंडा दिसत राहतो आणि आपण प्रेक्षकाच्या दिशेने धावतो. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला तेव्हा अॅनालॉग स्टिक नव्हती, पण अरुंद बोळात दिशेची चूक फारशी होतच नाही, त्यामुळे साधी बाणांची बटणं पुरली. तीन प्रश्नांपैकी एक त्यांनी रचनेनेच काढून टाकला. वाटेवरच्या लाकडी पेट्याही नुसती सजावट नाहीत. काढायला स्वस्त, फोडायला मजेदार, आणि सगळ्या एकाच मापाच्या असल्यामुळे अंतर मोजायची पट्टी आपोआप समोर मांडलेली.

त्याच वर्षीच्या ‘बब्सी थ्रीडी’त डावं-उजवं बटण दाबलं की पात्र जागच्या जागी वळायचं आणि मग पुढे जायचं, एखाद्या रणगाड्यासारखं. टूडीत ‘उजवीकडे’ म्हणजे लगेच उजवीकडे. ते तात्काळ वळणं गेलं की उडी कितीही बरोबर असो, पात्र आपलं वाटत नाही. याहून जास्त त्यावर लिहायची गरज नाही.

सेगा कंपनीच्या सॉनिक या पात्राचं दुखणं वेगळं होतं आणि ते तुमच्या गेममध्येही असू शकतं. त्याची ओळख वेग. सेगाच्या सॅटर्न या गेमयंत्रासाठीचा ‘सॉनिक एक्स-ट्रीम’ बनता बनता रद्द झाला. १९९८ च्या ‘सॉनिक अॅडव्हेंचर’ने एक मोलाची गोष्ट दिली: हवेत असताना पुन्हा बटण दाबलं की सॉनिक जवळच्या शत्रूवर स्वतःहून झेपावतो. कारण साधं आहे. टूडीत शत्रूच्या डोक्यावर उडी मारणं सगळ्यात सोपी गोष्ट, थ्रीडीत तीच सगळ्यात अवघड होऊन बसते, कारण लक्ष्य लहान असतं आणि तेही हलत असतं. मारिओ ६४ ने त्यावर ठोसा दिला, २००७ च्या ‘सुपर मारिओ गॅलक्सी’ने गिरकी. तुमच्या गेममध्ये डोक्यावर उडी मारायचीच असेल, तर शत्रूच्या डोक्याचा मार लागणारा भाग दिसतो त्याहून दीडपट मोठा करा. कोणी तक्रार करत नाही. आमच्याकडे तर कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आता कॅमेरा. फोनवर खेळणाऱ्याचा उजवा अंगठा उडीच्या बटणावर असतो. कॅमेरा फिरवायला तिसरा अंगठा कुठून आणणार? म्हणून फोनसाठी कॅमेरा तुमच्या ताब्यातच हवा. माझा सल्ला पस्तीस ते चाळीस अंशांचा, थोडा लांबचा, वाटेबरोबर सरकणारा. त्याहून वर गेलात तर जमिनीवरचं अंतर छान दिसतं, पण उंची दिसेनाशी होते आणि पायरी चढायची की नुसती चालत पार करायची तेच कळत नाही.

दोन चुका जवळजवळ सगळे करतात. पहिली, पात्र उडी मारतं तसा कॅमेराही वर-खाली होतो. मग पडद्यावर पात्र स्थिर आणि जग हलतंय असं दिसतं, आणि उडीची उंची डोळ्याला मापता येत नाही. उडी चालू असताना कॅमेऱ्याची उंची तिथेच धरून ठेवा, पाय नव्या पातळीवर टेकले की मग सावकाश सरकू द्या. दुसरी चूक जास्त छळते. स्टिकचा ‘पुढे’ कॅमेऱ्यावरून ठरतो. पात्र हवेत असताना कॅमेरा वळला, तर अंगठा जागचा न हलताही ‘पुढे’चा अर्थ बदलतो आणि पात्र वाकडं जातं. खेळणाऱ्याला वाटतं, कंट्रोल खराब आहेत. तुमच्याकडे आलेल्या तक्रारींतल्या बऱ्याच इथूनच येत असणार. उडी सुटली त्या क्षणाची कॅमेऱ्याची दिशा धरून ठेवा आणि पाय टेकेपर्यंत स्टिक त्याच दिशेने वाचा.

मोजमापांबद्दल. टूडी गेममध्ये तुम्ही बहुधा जास्तीत जास्त उडीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत दऱ्या ठेवल्या असतील. थ्रीडीत मुख्य वाटेवर मी पासष्टच्या वर जात नाही. उतरायची जागा पात्राच्या रुंदीच्या निदान चौपट. कडेवरून पाऊल सुटल्यावरही उडी मारता येण्याची सवलत टूडीत पाचसहा फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) पुरते, इथे आठनऊ द्या, कारण पाठीमागून बघताना कड नक्की कुठे संपते ते पात्राच्या अंगाआड जातं. आणि पात्राला कॅप्सूलचा कोलायडर (टक्कर मोजायचा अदृश्य आकार) लावला असेल तर त्याचा गोल तळ कडेवरून घसरतो. खेळणाऱ्याला पाय छपरावर दिसतात आणि पोरगं खाली जातं. पायाशी सपाट आकार लावा. हा बदल अर्ध्या तासाचा आहे आणि आमच्याकडे पडण्याचं प्रमाण याने लगेच खाली आलं.

छपरांच्या पृष्ठभागाकडेही बघा. आमची कौलं सुरुवातीला शेवाळाच्या मऊ डागांनी रंगवलेली होती. नंतर कौलांच्या ओळी स्पष्ट काढल्या, सगळ्या छपरांवर एकाच मापाच्या, आणि कडेच्या ओळीला फिकट चुन्याचा पट्टा दिला. समोरच्या छपराच्या ओळी किती बारीक दिसतात यावरून डोळा अंतर ओळखू लागला. टूडीत नाण्यांची कमान उडीचा मार्ग दाखवते, थ्रीडीत तीच नाणी दिशा आणि अंतर दोन्ही सांगतात, म्हणून अवघड उडीवर किमान तीन नाणी हवेत टांगा.

पुढच्या काळातली दोन उदाहरणं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त राजपुत्राचं प्रत्येक पाऊल चौकटीत मोजलेलं होतं. त्याच मालिकेतल्या २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’ने ती चौकट सोडून दिली आणि चूक स्वस्त केली. उडी चुकली तर खंजिराच्या जोरावर वेळ मागे फिरवायची, आणि भिंतीवरून धावताना भिंतच दिशा धरून ठेवते. दुसरं उदाहरण २०२२ चा ‘कर्बी अँड द फॉरगॉटन लँड’. कर्बी चेंडूसारखा गोल, पाठीमागून त्याचं तोंड कुठे आहे तेही कळत नाही. त्याचे पाय टेकले आहेत असं खेळणाऱ्याला वाटतं, तेव्हा तो अजून हवेतच असतो. बनवणाऱ्यांनी त्या थोड्या उंचीवरही पुढची उडी मान्य केली. शत्रूवरचा मारही कॅमेऱ्यातून लागल्यासारखा दिसला तर लागलाच असं धरलं. खेळणाऱ्याच्या डोळ्यावर एवढा विश्वास टाकलेला पाहून मला फार बरं वाटलं.

तुमच्या गेमचं स्वरूप ऐकून मी ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’ पुन्हा खेळून बघायला सांगेन. मारिओ ६४ नंतर पंधरा वर्षांनी, २०११ साली, निन्टेन्डोने थ्रीडीत छोट्या, सरळ, झेंड्याला संपणाऱ्या लेव्हल परत आणल्या आणि कॅमेरा बहुतांशी स्वतःकडे ठेवला. मोकळं अंगण उभारायला माणसं लागतात, वेळ लागतो. दोघांना ते झेपेल असं मला वाटत नाही. वाट ठेवा, पण तिला थोडी रुंदी द्या, म्हणजे थ्रीडीत आल्यासारखं वाटेल.

डबल जंपचं विचारलंत. ठेवा, पण तिचं काम बदला. टूडीत ती जास्त लांब जायला असते, थ्रीडीत ती चूक सावरायला हवी. २००२ च्या ‘सुपर मारिओ सनशाइन’मध्ये पाठीवरचा पाण्याचा पंप मारिओला काही क्षण तरंगत ठेवतो, तेवढ्यात सावली बघून जागा सुधारता येते. १९९५ च्या ‘जंपिंग फ्लॅश!’मध्ये तर दुसऱ्या उडीला कॅमेराच खाली वळतो आणि आपण कुठे उतरणार ते दाखवतो. आमच्या पोराची दुसरी उडी पहिलीच्या निम्म्या उंचीची आहे आणि तिच्यात दिशा पूर्ण बदलता येते. मुख्य वाटेवरची प्रत्येक दरी तिच्याशिवाय पार होते. अपवाद एकच, देवळाच्या कळसावरचं लपवलेलं नाणं. त्याला दोन्ही उड्या लागतात, आणि भाचीने ते कॅमेरा एकदाही बाजूला न नेता काढलं.